नवी बॅटरी तीन दिवसांत उतरते, यावर

नवी बॅटरी बसवूनही गाडी तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो, असे आपण लिहिले आहे आणि वर दोघांनी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलण्याचा सल्ला दिला आहे. माझी कळकळीची विनंती आहे की मोजमाप केल्याशिवाय एकही भाग बदलू नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत असतील, तर अल्टरनेटरवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही.

मग गाडी बंद असतानाची गळती, म्हणजे तेव्हाही बॅटरीतून किती प्रवाह जातो, ते पाहावे. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या जोडणीवर लावावा आणि दारे बंद ठेवून अर्धा-पाऊण तास थांबावे, कारण अलीकडच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट गाडी बंद केल्यावर लगेच शांत होत नाहीत. या काळात चावी अजिबात फिरवू नये, मीटरचा फ्यूज जातो. नंतरही ५० मिलिअँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह दिसला, तर एकेक फ्यूज काढत आकड्यावर नजर ठेवावी. माझ्या गाडीत हा प्रवाह ३२० मिलिअँपिअर होता आणि स्टिरिओचा फ्यूज काढताच २५ वर आला. डॅशबोर्ड उघडल्यावर दिसले की चावीबरोबर चालू-बंद व्हायला हवी अशी लाल तार सतत वीज असलेल्या पिवळ्या तारेला नुसती पिळून जोडलेली होती आणि वर काळ्या टेपचा एकच वेढा होता.

आपल्या गाडीत बाहेरून काय काय बसवले आहे, तेही कृपया लिहावे.