ऊसगाडीच्या बैलांचंही बघा

प्राणी-संस्थांवरच्या या चर्चेत सगळा वाद भटक्या कुत्र्यांवर चाललाय. संस्था पकडलेली कुत्री परत त्याच गल्लीत सोडतात म्हणून राग, आणि 'यांना दुसरं काम नाही' असा काहींचा सूर दिसतो. हंगामात आमच्या निपाणी-चिकोडीकडं या, काम दिसेल. उसाच्या टायरगाड्या कारखान्याच्या रांगेत ताटकळत असतात आणि बैलांचे खांदे सुजलेले. संस्थेचा डॉक्टर खांदेसुजीवर मलम लावून जातो, दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यावर पुन्हा जू. त्यामुळं नुसत्या उपचार-शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही.

दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग ५ तासांच्या वर नाही, टोकदार पराणी नाही, हे सगळं ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत आहेच. पण गाडीवान उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेला. खेप बुडाली तर फेडणार कशातून? त्याच्यावर केस करून काय साधणार? २०२२ मध्ये इस्लामपूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी जुवाला खालून टेकू देणारं चाक बनवलं होतं, मानेवरचा भार हलका व्हावा म्हणून. संस्थांनी असलं काही गाडीवानापर्यंत न्यावं, रांगेत पाणी-सावलीसाठी कारखान्यांच्या मागं लागावं. अंधारात दिसावं म्हणून गाडीला, शिंगांना चमकणारं रेडियम लावणं तर अगदी स्वस्तातलं काम.

राहिली कुत्री. नसबंदी करून, रेबीजची लस देऊन साधारणपणे त्याच गल्लीत सोडायचं, असं प्राणी जन्मनियंत्रणाचे २०२३ चे नियमच सांगतात. त्यासाठी संस्थेला कशाला शिव्या?