बाळाचं नाव 'अर्जुन' ठेवावं का? अर्थ आणि सल्ला हवा आहे

नवीआई
येत्या रविवारी बाळाचं बारसं आहे. माझ्या मनात 'अर्जुन' पक्कं बसलंय. पण सासूबाई म्हणतात, अर्जुन म्हणजे पांढरा आणि आपलं बाळ सावळं, मग नाव शोभेल का? नणंदेचं म्हणणं, हे नाव हल्ली फार झालंय. जाणकारांनी कृपया सांगा.

निशिगंध
सासूबाईंनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे. अर्जुन म्हणजे शुभ्र, उजळ. ऋग्वेदात (6.9.1) दिवसाचे दोन भाग येतात, एक कृष्ण आणि एक अर्जुन, म्हणजे रात्र आणि उजेड. अर्जुनसादड्याची पांढुरकी साल पाहिली असेल, तिथेही हाच शब्द.

पण शोभण्याची काळजी सोडा, कारण महाभारतातला अर्जुन स्वतःच सावळा! विराटपर्वात राजपुत्र उत्तर त्याला म्हणतो, तू खरा अर्जुन असशील तर तुझी दहा नावं सांग. तो एकेक नाव कारणासकट सांगतो. 'अर्जुन' का, तर माझं कर्म शुद्ध, उजळ म्हणून. आणि दहावं नाव 'कृष्ण'. ते वडिलांनी लाडानं ठेवलेलं, सावळ्या, तेजस्वी लेकराला. मला हा सगळा प्रसंगच फार आवडतो.

बालवाडीताई
नणंदबाईंचं खरं आहे. माझ्या यंदाच्या हजेरीपटात दोन अर्जुन आणि एक पार्थ आहे. पण नाव आजचं नाही. प्राचीन संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रातही वासुदेवाबरोबर अर्जुन आहे. इतकं टिकलेलं नाव जुनं वाटणार नाही, म्हणून माझं मत ठेवाच. अगदीच वेगळं हवं असेल तर त्याच दहांतलं 'जिष्णु' बघा, म्हणजे जिंकणारा. 'किरीटी' ज्ञानेश्वरीत पुन्हापुन्हा येतं, ऐकायलाही गोड आहे.

एक मात्र सांभाळा. 'जु' ह्रस्व. शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, त्यामुळे 'अर्जून' चूक. माझ्या भाच्याच्या जन्मदाखल्यावर दीर्घ पडला आणि दुरुस्तीसाठी वहिनीला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. कागद हातात आला की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा.

सदाफुली
ठरत नसेल तर घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.

नवीआई
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा नावांचा भाग काल सासूबाईंना वाचून दाखवला. "लाडानं ठेवलेलं" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. तेव्हापासून त्या बाळाला 'कृष्णा' अशी हाक मारताहेत. पाळण्यातलं नाव अर्जुनच, आणि ते कानात सांगायला आत्या, म्हणजे आमच्या नणंदबाई, तयार झाल्यात.