ऐब: दोष, खोड की आणखी काही?

प्रश्न: शारजात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या भागातून एक गिअरबॉक्स घेतला. तिसरा गिअर पडेना. ऑइल काढलं तर ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा कीस जमलेला. दुकानदार म्हणाला, "हा ऐब नाही, माल जुना आहे." शेजारच्या दुकानातले म्हातारे बाबा म्हणाले, "हाच ऐब." मराठीत ऐब असतो तो माणसाला, दारूचा नाहीतर जुगाराचा. लोखंडाला ऐब कसा? तक्रारीच्या पत्रात 'दोष' लिहू का?

उत्तर: नका लिहू. शब्द एकच आहे, अरबीतून आलेला. मराठीत तो माणसाच्या वागण्यापुरता आक्रसला, एवढंच. फिक्हमध्ये (इस्लामी न्यायशास्त्रात) ऐब म्हणजे जाणकारांच्या मते ज्याने मालाची किंमत उतरते ते. ऑटोमन राजवटीत 1869 ते 1876 या काळात रचलेल्या 'मजल्ला' संहितेच्या 338 व्या कलमात हीच व्याख्या आहे. म्हणजे माप किमतीचं, आणि मापणारी माणसं त्याच धंद्यातली. जुन्या गिअरबॉक्सचे दात थोडे झिजलेले असणारच, भाव ती झीज धरूनच ठरलेला असतो. तो ऐब नव्हे. पण गिअरच पडत नसेल तर जुन्या मालाच्या भावातही तो बसत नाही. बाबांचं बरोबर आहे.

'दोष' म्हटलं की किंमत डोळ्यांपुढे येत नाही. आपल्या बैलबाजारातला 'खोड' जास्त जवळचा. बैल खोडील निघाला की भाव पडतो, आणि विकणारा ती खोड आपणहून सांगत नाही.

आता 'खियार-उल-ऐब', म्हणजे ऐब निघाला तर माल परत करायचा हक्क. खियार आणि आपला 'अखत्यार' एकाच धातूतून आलेत, म्हणून मी 'परतीचा अखत्यार' म्हणेन. 'पर्याय' हा शब्द इथे फार मऊ पडतो. हनफी (इस्लामी न्यायशास्त्राचा एक पंथ) मतानुसार माल परत करा नाहीतर ठरल्या किमतीत ठेवा. ठेवून घेऊन वर पैसे कापून मागता येत नाहीत. मात्र तुमच्या हातून त्यात नवीन काही मोडलं, तर परतीचा हक्क जातो आणि किमतीतला फरकच मागता येतो. तेव्हा कृपा करून बॉक्स स्वतः उघडू नका.

आणखी एक: 'जसं आहे तसं' म्हणून विकलं असेल तर? हनफी ही अट मानतात, मजल्लेच्या 342 व्या कलमातही ती आहे. शाफई (असाच दुसरा पंथ) कडक आहेत, माहीत असलेला ऐब लपवणाऱ्याला या अटीआड सुटू देत नाहीत. मला त्यांचंच पटतं. पावतीवर काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या.

दुसरं उत्तर: लपवण्यालाही शब्द आहे, तदलीस. विकण्याआधी उंटीण किंवा शेळी दोहायची नाही, म्हणजे कास भरलेली दिसते; हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) याला मनाई आहे, आणि फसलेल्याला जनावर परत करता येतं, सोबत एक सा (धान्य मोजायचं माप) खजूर देऊन. आणि 'घरर', म्हणजे सौद्यातली धोकादायक अनिश्चितता, हा आपल्या 'मगरूर'चा सख्खा भाऊ. अरबीत मगरूर म्हणजे भुललेला, फसलेला. मराठीत तो गर्विष्ठ झाला.

प्रश्नकर्ता: पावतीवर तशी अट नाही. तुमचं वाचून बॉक्सवरचा ताजा चंदेरी रंग नखाने खरवडला. खाली वेल्डिंगचा सांधा निघाला, बोटभर लांब. पत्रात दोन्ही शब्द लिहिलेत, ऐब आणि तदलीस. उद्या बाबांना बरोबर घेऊन जातोय.