उजनीच्या फुगवट्यावर नदी सुरयांची घरटी: नोंद कशी ठेवावी, राखण कशी करावी?

कोथरूडची पक्षीनिरीक्षक (प्रश्न)

नमस्कार. आम्ही पुण्यातील पाच जण गेली चार वर्षे मार्च ते मे या काळात दर रविवारी पहाटे उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी असलेल्या भिगवणला जातो. तेथे येणारे बहुतेक लोक रोहित पक्ष्यांसाठी येतात. आमचे लक्ष मात्र पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर, जमिनीवरच अंडी घालणाऱ्या नदी सुरय, छोटा आर्ली आणि कंठेरी चिखल्या या पक्ष्यांकडे असते. त्यांपैकी नदी सुरय धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

गेल्या एप्रिलमध्ये एका बेटावर आम्ही दुर्बिणीतून अंड्यांवर बसलेले ३१ सुरय मोजले. पुढच्या रविवारी पाहतो तो बेट काठाला जोडले गेले होते, भेगाळलेल्या गाळावर कुत्र्यांच्या पावलांची रांग थेट आत गेली होती आणि एकही पक्षी बसलेला नव्हता. एका खळग्यात फुटलेले कवच पडले होते. त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला बलक अजून ओला होता. ते दृश्य मनातून जात नाही.

यंदा घरट्यांभोवती जाळीचे कुंपण करावे का? प्रत्येक घरट्याजवळ खुणेची काठी रोवावी का? नोंद घेण्यासाठी किती जवळ गेलेले चालते?

पाषाण तळे

कुंपणाची कल्पना बहुधा परदेशातील किनाऱ्यांवरून आली असावी. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पायपिंग प्लोव्हर या छोट्या चिखल्याच्या घरट्यांभोवती खांब रोवून दोरी बांधतात आणि फलक लावतात. काही ठिकाणी घरट्यावर तारेचा पिंजराही ठेवतात, ज्यातून चिखल्या चालत आत शिरतो, पण कोल्हा शिरू शकत नाही. मात्र शिकारी प्राण्यांना पिंजऱ्याची ओळख पटली, की ते तेथेच टपून बसतात आणि अंडी वाचली तरी मोठा पक्षी मारला जातो, असा अनुभव तेथेही आलेला आहे. शिवाय तो पक्षी सुटी घरटी करतो. सुरय वसाहतीने राहतात आणि उडत येऊन थेट घरट्यावर उतरतात, त्यामुळे पिंजरा त्यांच्या उपयोगाचा नाही.

काठी तर मुळीच रोवू नये. सपाट बेटावर काठी म्हणजे कावळ्याला बसायला आयती जागा, आणि माणसालाही ‘येथे काहीतरी आहे’ असे सांगणारी खूण. त्याऐवजी काठावरचा एकच बिंदू ठरवावा, तेथून दर वेळी त्याच चौकटीत छायाचित्र घ्यावे आणि दगड, झुडूप, ओंडका यांच्या आधाराने घरट्यांना कागदावर क्रमांक द्यावेत.

अंतराचा ठरावीक आकडा मी सांगणार नाही, कारण तो पक्षीच सांगतो. बसलेला पक्षी मान ताठ करून उभा राहिला, की थांबावे. उडाला, तर आपण फार पुढे आलो असे समजून तो परत बसेपर्यंत मागे सरकावे. एप्रिल-मे महिन्यांत हे पक्षी अंडी उबवण्याइतकेच ती थंड ठेवण्याचेही काम करतात. ते उन्हात पंख सैल सोडून अंड्यांवर सावली धरतात, पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात. अशा वेळी दुपारी छायाचित्रासाठी त्यांना थोडा वेळ उठवले, तरी आतले पिल्लू शिजू शकते. म्हणून नऊच्या आत निरीक्षण संपवावे.

भीमाकाठ

ताई, मी जलाशयाच्या काठच्या गावातला आहे आणि आमच्या घरची नाव आहे. तुम्ही कुत्र्यांचा उल्लेख केलात, पण कुत्री तेथे का येतात हेही पाहावे लागेल. जाळी काढल्यावर माशांची घाण काठावरच टाकली जाते आणि तिच्या वासाने कुत्री जमतात. आमच्याकडील काही जणांनी ती खड्ड्यात पुरायला सुरुवात केल्यापासून त्या बाजूची वर्दळ कमी झाली आहे.

दुसरी गोष्ट गाळपेर जमिनीची. पाणी मागे सरकले, की शेतकरी त्या गाळात पीक घेतात आणि मोटारीपर्यंत पाणी यावे म्हणून चारी काढतात. एका वर्षी अशीच एक चारी नेमकी बेटाच्या मानेतून, म्हणजे बेट काठाला जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यातून गेली आणि बेट काठाला जोडले जायला बरेच दिवस लागले. तेवढ्यात बरीच पिल्ले पोहण्याएवढी झाली. हे ठरवून करायचे असेल, तर वनविभाग आणि जलसंपदा विभागाची परवानगी लागेल, पण ती आत्ताच मागावी, एप्रिलमध्ये नव्हे.

आणि एक विनंती आहे. नावेत बसलेला पाहुणाच ‘अजून जवळ घ्या’ म्हणतो, तेव्हा नावाड्याला नाही म्हणणे जड जाते. ते तुम्हीच म्हणा. चंबळ नदीवर पाणचिरा या पक्ष्याच्या घरट्यांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गावातल्याच लोकांना राखणदार नेमले आहे. येथेही राखण आठवड्यातून एकदा येणाऱ्याला नव्हे, रोज पाण्यावर असणाऱ्यालाच जमेल.

रकाना

नोंदींबद्दल थोडे सांगतो. ‘२० घरटी सापडली, १० यशस्वी झाली, म्हणजे यश ५० टक्के’ असा हिशेब आपण सगळेच करतो आणि तो फसवा असतो, कारण आपल्याला सापडण्याआधीच नष्ट झालेली घरटी त्यात येतच नाहीत. हॅरॉल्ड मेफिल्ड यांनी १९६१ साली यावर सोपा उपाय सुचवला: घरटी न मोजता घरट्यांचे दिवस मोजावेत. समजा, त्या २० घरट्यांवर आपण मिळून २०० दिवस लक्ष ठेवले आणि त्यांपैकी १० गेली, तर रोजची हानी ५ टक्के होते. उबवणीचा काळ २५ दिवसांचा धरला, तर ०.९५ चा पंचविसावा घात सुमारे ०.२८ येतो. म्हणजे खरे यश ५० नव्हे, २८ टक्के. त्यासाठी प्रत्येक घरट्याची प्रथम दिसल्याची तारीख, शेवटी जिवंत दिसल्याची तारीख आणि शेवट, एवढे तीन रकाने पुरतात, पण ‘आज गेलो, बदल नाही’ हेही लिहिलेच पाहिजे.

चिखल्याच्या रिकाम्या खळग्यात तांदळाच्या कणीएवढे कवचाचे तुकडे मिळाले, तर पिल्ले बहुधा बाहेर पडली असे धरतात, कारण मोठे तुकडे आईबाप उचलून दूर टाकतात. हे वसाहत पूर्ण उठल्यावरच पाहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येतच मोडते.

कोथरूडची पक्षीनिरीक्षक

सर्वांचे मनापासून आभार. कुंपणाचा विचार सोडला आहे. यंदा पाचऐवजी दोघेच काठावर थांबू आणि वही भीमाकाठ यांच्या नावेवर राहील, म्हणजे मधले सहा दिवसही नोंदले जातील. परवानगीचा अर्ज या आठवड्यात लिहिते. दादा, बेटाची मान साधारण कोणत्या आठवड्यात उघडी पडते, ते कळवाल का? अर्जात तेवढेच लिहायचे राहिले आहे.