कैरीच्या सालीवरचा प्रोजेक्ट आणि पीएचडीसाठी प्राध्यापकांना ईमेल

शिरगाव_लॅब: रत्नागिरीत एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या सत्रात आहे. प्रोजेक्ट हापूसच्या कैरीच्या सालीतल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेजवर (फळ कापल्यावर तपकिरी करणारं एन्झाइम). अर्क बघता बघता तपकिरी होतो, स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी (दर मिग्रॅ प्रोटीनमागे एन्झाइमची युनिट) फार कमी येते. एन्झाइमवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांना पीएचडीसाठी ईमेल करायचाय. हे आकडे द्यावेत का? नेट आणि गेट या परीक्षांपैकी आधी काय धरू?

फणसगर: आधी आकडे तपासा. प्रोटीन लोरी पद्धतीने मोजत असाल तर गोम तिथेच आहे. फोलिन रिएजंट सालीतल्या फिनॉलशीही रंग देतं. त्यामुळे प्रोटीन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि भागाकार खाली येतो. ब्रॅडफर्ड पद्धतीला हा त्रास बराच कमी.

देठाचा चीक गळू द्या. साल बर्फावर, ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ६.८) वाटा, त्यात १-२ टक्के पीव्हीपीपी (न विरघळणारी पॉलिमर पावडर) घाला. ते फिनॉल धरतं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसतं. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घातलंत तर एन्झाइमचा वेग मोजण्याआधी डायलिसिस (पडद्यातून छोटे रेणू काढून टाकणं) हवंच, नाहीतर ते एन्झाइमने बनवलेल्या रंगीत क्विनोनला परत कॅटेकॉल (मूळ सबस्ट्रेट) करतं आणि ४२० नॅनोमीटरला सुरुवातीला रीडिंग हलतच नाही. उतार पहिल्या मिनिटाचाच घ्या, पुढे एन्झाइम स्वतःच्याच क्रियेत निकामी होत जातं.

आणि वळिवाच्या दिवसांत लाईट जाते. अर्क छोट्या ट्यूबांत वाटून गोठवा, एकच बाटली वितळवू-गोठवू नका.

शिरगाव_लॅब: पीव्हीपीपी नाही, साधं पीव्हीपी आहे. चालेल?

फणसगर: चालेल, पण ते विरघळतं, म्हणजे अर्कातच राहतं. प्रोटीन मोजतानाच्या ब्लँकमध्ये (अर्क नसलेली तुलनेची ट्यूब) तेवढंच पीव्हीपी घाला.

देवगड_किनारा: ईमेलमध्ये आकडे जरूर द्या. समजा कच्च्या अर्कात २०० मिग्रॅ प्रोटीन, ४००० युनिट. अमोनियम सल्फेटने प्रोटीन खाली बसवल्यावर ६० मिग्रॅ, २४०० युनिट. म्हणजे स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी २० वरून ४०, शुद्धता दुप्पट, यील्ड (हाती राहिलेली युनिट) ६० टक्के. एवढ्या एका ओळीवरून समोरच्याला कळतं की तुम्हाला हिशेब येतो. ‘तुमच्या संशोधनात खूप रस आहे’ हे वाक्य प्रत्येकाच्या ईमेलमध्ये असतं, ते काढाच. त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा, मेथड्ससकट, आणि त्यातला एक खरा प्रश्न विचारा. सोबत दोन पानी सीव्ही.

तीन रीडिंग एकाच ट्यूबची असतील तर ती तीन नमुने धरू नका. वेगवेगळ्या झाडांच्या कैऱ्या घ्या, आणि पाऊस लागायच्या आत, नाहीतर पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल. मुलाखतीत हे हमखास विचारतात. केएम (एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो तेव्हाची सबस्ट्रेटची मात्रा) लाइनवीव्हर-बर्कच्या आलेखाने (१/वेग विरुद्ध १/सबस्ट्रेट) काढलाय का, हेही. त्या आलेखात कमी सबस्ट्रेटच्या रीडिंगची चूक फुगते, म्हणून थेट मूळ वक्राला फिट करा.

हातखंबा_नाका: प्राध्यापक तयार झाले तरी प्रवेश संस्थेच्या निकषांवरच. आधी सीएसआयआर नेटचं जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) धरा, फेलोशिप हाताशी असली की लॅबला तुम्हाला घेणं सोपं जातं. लाइफ सायन्सेसमध्ये २०० पैकी १०० गुण पार्ट सीचे: ७५ प्रश्न, सोडवायचे २५, चुकल्यास २५ टक्के वजा. गेटचा एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपर त्याच अभ्यासात बसतो, फक्त त्यातली केमिस्ट्री सक्तीची आहे, ती वेगळी करा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. शिफारसपत्रासाठी गाइडना महिनाभर आधी सांगा आणि सोबत प्रोजेक्टचा एक पानी गोषवारा द्या.