रोमन माणूस चीनला खरंच पोचला होता का?

शर्वरी_ठाणे

घरच्या ग्रुपवर मामांनी एक व्हिडिओ टाकलाय. चीनच्या गान्सू प्रांतातलं गाव, तिथले भुऱ्या केसांचे, घाऱ्या डोळ्यांचे लोक आणि खाली मजकूर की हे हरवलेल्या रोमन पलटणीचे वंशज. मामांचा अशा गोष्टींवर चटकन विश्वास बसतो, ते ठीक, पण या वेळी मावशी आणि मावसभाऊही सामील झालेत.

ही पलटणीची गोष्ट खरी आहे का? आणि ती बाजूला ठेवली तरी, रोम आणि हान घराण्याचा चीन, एकाच काळातली एवढी मोठी साम्राज्यं. त्यांची माणसं कधी समोरासमोर आली का, की नुसतं रेशीम जात होतं? "विकीवर वाचा" म्हणू नका. वाचलंय, त्यानंच गोंधळ वाढला.

खारेवारे

पलटण विसरा. होमर डब्स नावाच्या अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या मध्याला मांडलेला तो तर्क आहे. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हाएच्या लढाईत इराणच्या पार्थियनांनी क्रॅसस या रोमन सेनापतीच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि हजारो कैदी पूर्वेला मध्य आशियातल्या मर्वच्या बाजूला नेले. इ.स.पू. ३६ मध्ये हान फौजेनं मध्य आशियातल्या तलास नदीकाठचा, झीझी या शिओंगनू (भटक्या टोळ्यांच्या) सरदाराचा किल्ला घेतला, तेव्हा दरवाजाशी शंभरावर शिपाई माशाच्या खवल्यांसारखी रांग धरून उभे होते. डब्स म्हणाले, ढालीला ढाल भिडवलेले ते रोमनच! मधल्या १७ वर्षांचा पुरावा मात्र शून्य. २००७ साली त्या गावच्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात रोमन मुळाला काही आधार मिळाला नाही.

घारे डोळे मध्य आशियाच्या व्यापारी वाटेवर जागोजागी दिसतात. आमच्या चिपळुणातही दिसतात, म्हणून काय वाशिष्ठीच्या खाडीत रोमन पलटण उतरली होती?

गोदीकाका

माझा जन्म क्लिअरिंगच्या धंद्यात गेला, आधी मुंबई गोदीत, मग न्हावा शेवाला. त्यामुळे इतिहास वाचतानाही मी आधी मालाची यादी बघतो, राजांची नावं मागाहून.

इ.स. १६६ ची नोंद घ्या. हौ हानशू या चिनी बखरीत लिहिलंय की दाछिनचा राजा आनदुन याचे दूत रीनानच्या सीमेपलीकडून आले. दाछिन म्हणजे रोमन साम्राज्य, रीनान म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामचा भाग. तेव्हा रोमच्या गादीवर मार्कस ऑरेलियस अँटोनायनस होता, म्हणजे नाव जुळतं. आता त्यांनी दरबारात ठेवलेला नजराणा बघा : हस्तिदंत, गेंड्याचं शिंग, कासवाचं कवच. अहो, हा काय रोमचा माल? रोमकडून पूर्वेला यायचं ते पोवळं, काच, दारू, सोन्याचांदीची नाणी. माझ्या टेबलावर असे कागद आले असते तर मी पार्टीला पहिला प्रश्न हाच केला असता, की बाबा रे, माल चढवला कुठल्या बंदरात? बखरकारालाही वास आलेला दिसतो. यात दुर्मीळ असं काहीच नाही, असं त्यानं तिथंच नोंदवून शंका काढलीय.

माझ्या मते ही व्यापारी मंडळी. रोमची प्रजा असतील, इजिप्त-सिरियाकडचे. घरून आणलेला माल वाटेत खपवला, पुढच्या बंदरांत मिळेल ते उचललं आणि दरबारात जाऊन "आम्ही राजाचे दूत" म्हणून उभे राहिले. दूत म्हटलं की दारं उघडतात, परतीचा आहेर मिळतो. व्यापारी म्हटलं की बसा बंदरातच. पण थाप म्हणून ही नोंद निकालात काढू नका. थाप मारायला का होईना, माणूस तिथवर पोचला होता आणि त्याला आपल्या राजाचं नाव सांगता येत होतं. मेकाँगच्या मुखाजवळच्या ओक इओ इथं १९४४ च्या उत्खननात अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस यांच्या काळातली रोमन सोन्याची पदकं निघाली, ती याच वाटेवर.

उलट दिशेनं चीनचा माणूस निघाला होता, पण पोचला नाही. इ.स. ९७ मध्ये बान चाओ या सेनापतीनं गान यिंगला दाछिनला धाडलं. तो पश्चिमेच्या समुद्राला लागला, बहुतेक इराणच्या आखाताला. पार्थियाच्या सीमेवरचे खलाशी त्याला म्हणाले, वारा चांगला लागला तर तीन महिने, नाहीतर दोन वर्षं. लोक तीन वर्षांचा शिधा भरून निघतात. आणि भर समुद्रात घरच्या आठवणीनं माणसं मरतात सुद्धा. गान यिंग माघारी फिरला. मला त्या खलाशांचं कौतुकच वाटतं! सिरियाकडे जमिनीवरून जाणारी चालती वाट होती, ती त्याला कुणी दाखवली नाही. त्याच बखरीत पुढे स्वच्छ लिहिलंय की दाछिनच्या राजाला हानांशी संबंध हवे होते, पण रेशमाचा धंदा हातचा जाऊ नये म्हणून पार्थियन आड येत. मधल्या दलालानं दोन्ही पार्ट्यांना एकमेकांचा पत्ता दिलाय, असं मी तरी पाहिलेलं नाही.

येवलेकरीण

शर्वरी, "नुसतं रेशीम" म्हणून त्याला इतकं हलकं नका करू. सिरियातल्या पाल्मिराच्या थडग्यांत हान काळाचं चिनी कापड निघालंय, काहींवर चिनी अक्षरंसुद्धा विणलेली आहेत. आमच्याकडे पैठणीची नक्षी बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यानं चढते. हान काळच्या त्या कापडात ती ताण्यातून उठते, उभ्या धाग्यांतून. म्हणजे पूर्ण नक्षी माग भरतानाच ठरलेली. फोटो मोठा करून बघितलात तर कळतं. ज्यानं ते विणलं त्यानं पाल्मिरा हे नावही ऐकलं नसेल.

शर्वरी_ठाणे

पलटण गेली तर! ताण्याचं ऐकून आईच्या पैठणीची उलटी बाजू बघून आले. :) काका, या वाटेवर आपला किनारा कुठं येतो? आणि खोटे दूत नकोत, चिनी राजासमोर बसून बोललेला एखादा खरा माणूस आहे का?

गोदीकाका

आपल्या बाजूची वाट पहिल्या शतकातल्या पेरिप्लसमध्ये आहे, ग्रीक भाषेतलं व्यापाऱ्यांचं मार्गदर्शक पुस्तक. चीनचं कच्चं रेशीम, सूत आणि कापड बॅक्ट्रियावरून, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडून, जमिनीनं भरूचला येतं, असं त्यात लिहिलंय. रोमच्या जहाजांना चीनपर्यंत जायची गरजच नव्हती. आणि तुमच्या शेजारचं कल्याण! तिथं आधी रीतसर बाजारपेठ होती, पण राजकारण फिरलं आणि चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरूचला नेलं जाऊ लागलं. बंदर चालू, पण पार्टी दुसऱ्या बंदरात वळवली. हे मी नोकरीत भरपूर पाहिलंय.

जकातीचंही सांगतो, राहवत नाही. व्हिएन्नात एक पपायरस आहे, लव्हाळ्याच्या कागदावरचा दस्तऐवज, दुसऱ्या शतकातला. केरळच्या मुझिरिसहून परतलेल्या हर्मापोलॉन या जहाजाचा माल त्यात लिहिलाय, जटामांसी, हस्तिदंत वगैरे. रोमन सरकारची त्यावर जकात किती? सरळ चौथा हिस्सा. २५ टक्के! रोमन लेखक प्लिनी ओरडतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून वर्षाला १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात. मग त्यातून सरकारी तिजोरीत किती पडत होतं, तेही लिहायचं होतं की.

आता तुमचा खरा माणूस. इ.स. २२६ मध्ये दाछिनचा छिन लुन नावाचा व्यापारी जिआओझीला, म्हणजे उत्तर व्हिएतनामात उतरला. नोंद चारशे वर्षांनंतरच्या लिआंगशू या चिनी बखरीतली आहे, पण बारकावे असे आहेत की मी ती मानतो. तिथल्या सुभेदारानं त्याला दक्षिण चीनमधल्या वू राज्याचा राजा सुन छुआन याच्याकडे पाठवलं. राजानं त्याच्या देशाची, चालीरीतींची चौकशी केली, त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. त्याच सुमाराला वूच्या एका सरदारानं डोंगराळ भागातून बुटके लोक पकडून आणले होते. ते बघून छिन लुन म्हणाला, दाछिनमध्ये अशी माणसं क्वचितच दिसतात. राजानं लगेच त्यातले दहा पुरुष, दहा बायका त्याला दिल्या आणि पोचवायला लिऊ श्येन नावाचा अधिकारी जोडून दिला. लिऊ श्येन वाटेतच वारला. छिन लुन तडक आपल्या मुलखाला निघून गेला.