बाळंतपणाला पाच आठवडे झाले, तरी रडू थांबत नाही

प्रश्न
सिझेरियन होऊन आज ३५ दिवस झाले. माहेरी आहे, आई अळिवाची खीर, डिंकाचे लाडू वेळेवर हातात देते, बाळाला न्हाऊ घालायला बाई येतात आणि टाकेही भरले आहेत. तरीही दिवेलागण झाली की रडू फुटते, बाळ झोपले तरी माझा डोळा लागत नाही, आणि बाळाला जवळ घेतल्यावर माया दाटून यायला हवी ती येत नाही, याची फार शरम वाटते. सव्वा महिना झाला की ठीक होईल, असे आई म्हणते. थांबावे का?

पहिले उत्तर
ताई, थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक बाळंतिणींना रडू येते, कारण वार पडल्यावर संप्रेरकांचे प्रमाण एकदम उतरते. पण ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही टिकले, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. मी स्वतः चार महिने अंगावर काढले, त्याचे आजही वाईट वाटते. डॉक्टरांनी माझ्याकडून बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासले, आणि अंगावर पाजत असतानाही चालेल असे औषध दिले. शरमेचे म्हणाल, तर माया हळूहळू जडते, माझी जडली.

दुसरे उत्तर
मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. बाळंतिणीला खाऊ घालण्याकडे घराचे जितके लक्ष असते, तितके तिच्या झोपेकडे नसते. रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर आईंनी किंवा यजमानांनी सांभाळावे, म्हणजे तुम्हाला सलग चार-पाच तास मिळतील. पाणी तोडू नका आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्या. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा, एकट्या राहू नका आणि तडक रुग्णालयात जा. मन मोकळे करण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

प्रश्नकर्ती
काल जाऊन आले. हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे कमी निघाले, थायरॉईडचा अहवाल उद्या मिळेल. प्रश्नावलीतल्या दहाव्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नापाशी हात थांबला, पण खरे तेच लिहिले आणि डॉक्टरांनी आईलाही आत बोलावून सर्व समजावले. औषध सुरू झाले आहे. रात्री आई आता माझ्याच खोलीत झोपते, आणि पहाटेचे पाजणे तिने आपल्याकडे घेतले आहे.